एका रूपकाची चिकित्सा : वारंवार होणारा गर्भपात आणि प्रतिकारशास्त्राची भाषा

१

मराठी बोलीत गर्भधारणेसंबंधी जी क्रियापदे रूढ आहेत ती लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. स्त्रीला ‘दिवस जातात’ किंवा ‘दिवस राहतात’. गर्भ ‘राहतो’, ‘टिकतो’ आणि दुर्दैवाने ‘पडतो’. या सर्व वाक्यांत कर्तेपण गर्भाकडे किंवा दिवसांकडे आहे; स्त्री चतुर्थीत अथवा षष्ठीत आहे. जे घडते ते तिच्या बाबतीत घडते, ती ते घडवीत नाही. बुद्धिपुरस्सर केलेल्या कृतीसाठी भाषेने ‘पाडणे’ हे निराळे प्रयोजक रूप राखून ठेवले आहे. व्याकरणाच्या पातळीवर तरी मराठीने आपत्ती आणि कृती यांत भेद केला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

नामांच्या बाबतीत मात्र हा विवेक राहिलेला नाही. ‘वांझ’, ‘वांझोटी’ या शब्दांनी स्त्रीच्या ठायी दोष कायमचा चिकटविला; पुरुषासाठी तशाच धारेचा शब्द समाजाला लागला नाही. नाम आणि विवरण यांतील ही फारकत प्राचीन वैद्यकातही आढळते. चरक व सुश्रुत यांनी वीस योनिव्यापदांची गणना केली आहे आणि दोघांच्याही यादीत ‘पुत्रघ्नी’ हे नाव येते. पुन्हा पुन्हा राहिलेला गर्भ नष्ट होतो, ही त्या व्याधीची खूण. चरकाने तिचे कारण रूक्षतेने प्रकुपित झालेल्या वायूत शोधले, तर सुश्रुताने रक्तस्रावात. दोन्ही विवरणे निसर्गाच्या व्यापाराची आहेत. त्यांत स्त्रीचा अपराध कोठेही नाही. परंतु नाव ठेवले गेले ते ‘पुत्राचा घात करणारी’ असे. शास्त्रीयदृष्ट्या ते विशेषण व्याधिग्रस्त अवयवाचे आहे; पण असे विशेषण अवयवापाशी थांबत नाही. विवरण ग्रंथात राहते आणि नाव व्यवहारात उतरते.

आधुनिक वैद्यकाने हा दोष टाळला असेल, अशी अपेक्षा साहजिक आहे. तथापि विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात पाश्चात्य वैद्यकात या अवस्थेला जे नाव होते त्याचा शब्दशः अर्थ ‘सवयीचा गर्भपात’ असा होतो. मूळच्या गोव्यातील शिरोड्याच्या आणि मुंबईत कार्य केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली आपली सुप्रसिद्ध टाक्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही हाच शब्दप्रयोग होता. परंतु त्यांची दृष्टी त्या शब्दात अडकली नाही. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत गर्भ पुन्हा पुन्हा गमावणाऱ्या काही स्त्रियांत गर्भाशयाचे मुख अकाली उघडते, हे त्यांनी पाहिले. मांडीतील पटलाची पट्टी घेऊन ते मुख बांधले. ‘सवय’ या शब्दाने जे झाकले होते ते एका साध्या यांत्रिक कारणाने उलगडले. शब्द बाजूला सारून यंत्रणा पाहणे, हा या विषयातील प्रगतीचा पहिला पाठ होय.

हीच कसोटी त्याच दशकात जन्मलेल्या दुसऱ्या एका विचाराला लावून पाहावयाची आहे. गर्भ हा मातेच्या शरीरात आलेला ‘परका’ आहे आणि गर्भपात म्हणजे त्या परक्याचे ‘निष्कासन’ होय, हा तो विचार. गर्भधारणेच्या प्रतिकारशास्त्राचा बराचसा संसार याच रूपकावर उभा राहिला. जेथे संशोधकांनी रूपकाखालची यंत्रणा नेमकेपणाने शोधली तेथे उपाय हाती आला. आणि जेथे शब्द यंत्रणेच्या पुढे धावला तेथे स्त्रियांच्या वाट्याला निरर्थक तपासण्या व निष्फळ उपचार आले, असे या इतिहासावरून दाखविता येते.

२

रूपकाचे जनकत्व पीटर मेडावर यांच्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर त्वचेचे रोपण करताना, दुसऱ्याची त्वचा शरीर स्वीकारीत नाही आणि दुसऱ्या वेळी तर ती अधिक त्वरेने नाकारते, हे त्यांनी अभ्यासिले होते. १९५३ साली पृष्ठवंशी प्राण्यांतील जरायुजतेच्या उत्क्रांतीने उपस्थित केलेल्या प्रश्नांवर त्यांनी एक निबंध लिहिला. गर्भाची अर्धी आनुवंशिक संपत्ती पित्याकडून येते. त्या अर्थाने तो मातेला परका आहे. मग रोपण केलेली परकी त्वचा जे शरीर काही दिवसांत टाकून देते तेच शरीर गर्भाला नऊ महिने कसे सांभाळते? या प्रश्नाला त्यांनी तीन संभाव्य उत्तरे सुचविली : गर्भ आणि माता यांचे शारीरिक विभाजन, गर्भाच्या प्रतिजनांची अपक्वता आणि मातेच्या प्रतिकारयंत्रणेची मंदता. यांपैकी पहिल्यावर त्यांचा भर अधिक होता. प्रतिकारसहिष्णुतेवरील कार्यासाठी १९६० साली मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या प्रश्नालाही आपोआप अधिकारवाणीचे वजन प्राप्त झाले.

प्रश्न म्हणून मेडावर यांचा निबंध असामान्य आहे, हे निःसंशय. नित्याच्या घटनेकडे आश्चर्याने पाहण्याची शक्ती त्यात आहे. मुलाचा जन्म हा अपवाद आणि त्याचा नकार हा नियम, अशी उलटी मांडणी करून त्यांनी एका नव्या शाखेचा पाया घातला. पण उत्तरे म्हणून पाहिल्यास तिन्ही आज मूळ स्वरूपात टिकत नाहीत. विभाजन पूर्ण नाही : वारेच्या पेशी मातेच्या रक्ताने न्हाऊन निघतात आणि गर्भाच्या काही पेशी मातेच्या रक्तात प्रसूतीनंतर दशकानुदशके सापडतात. गर्भाचे प्रतिजन अपक्व नसतात. आणि गर्भवतीची प्रतिकारयंत्रणा सुस्त नसते. ती जंतूंशी झुंजते, लशीला प्रतिसाद देते आणि आपले प्रतिपिंड वारेवाटे बाळाला पुरविते.

तिसऱ्या उत्तराविरुद्धचा पुरावा तर निबंधाच्या आधीपासून उपलब्ध होता. १९३९ साली लेव्हीन व स्टेट्सन यांनी एका मातेच्या रक्तात गर्भाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंड असल्याचे वर्णन केले होते. आर.एच. निगेटिव्ह मातेच्या रक्तात पॉझिटिव्ह गर्भाच्या तांबड्या पेशी शिरल्या तर ती खरोखरच प्रतिपिंड बनविते आणि पुढील गर्भाला त्यांचा उपसर्ग होतो. येथे ‘परका’ आणि ‘प्रतिकार’ हे शब्द रूपक न राहता वस्तुस्थिती होतात. प्रतिजन कोणता, तो रक्तात केव्हा शिरतो आणि प्रतिपिंड कसा वार ओलांडतो, हे सारे ठाऊक झाले. म्हणूनच प्रतिबंधक इंजेक्शन शक्य झाले आणि १९६८ पासून ते व्यवहारात आले. पुढे ज्या उपपत्तींनी या यशाचा आधार घेतला त्यांच्यापाशी असा नेमकेपणा होता काय, हे पाहणे आवश्यक आहे.

३

प्रतिकारशास्त्राच्या आधी गर्भनाशाचा आरोप संसर्गावर होता, आणि त्यातही उपदंशावर. त्या रोगाच्या नावातच परकेपणा आहे : सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने त्याला ‘फिरंगरोग’ म्हटले आणि त्याचा संबंध फिरंग्यांशी जोडला. उपदंशाने गर्भाचा नाश होतो ही गोष्ट खरी आहे. उपचार न झालेला उपदंश आजही जगात मृतजन्माचे एक महत्त्वाचे कारण आहे. परंतु प्रत्येक वारंवार गर्भनाशाचा अर्थ उपदंश असा लावता येत नाही, हा धडा वैद्यकाला एका तपासणीच्या इतिहासातून मिळाला. संसर्ग व प्रतिकार या दोन प्रकरणांना जोडणारा दुवाही तेथेच सापडतो.

१९०६ साली ऑगस्ट फॉन वासरमान व त्यांचे सहकारी यांनी उपदंशासाठी रक्ततपासणी तयार केली. तिच्यासाठी लागणारा अर्क प्रथम उपदंशाने मृत झालेल्या अर्भकांच्या यकृतापासून काढला जाई, कारण जंतूचे प्रतिजन तेथे विपुल असणार अशी समजूत होती. लवकरच असे दिसून आले की, निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तितकाच उपयोगी पडतो. म्हणजे ही तपासणी जंतूविरुद्धचे प्रतिपिंड ओळखीत नव्हती. शरीराच्या स्वतःच्या घटकाविरुद्धचे प्रतिपिंड ओळखीत होती. १९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो घटक वेगळा केला आणि त्याला कार्डिओलिपिन हे नाव मिळाले.

१९४९ मध्ये प्रत्यक्ष जंतूवर आधारलेली अधिक नेमकी तपासणी उपलब्ध झाली, तेव्हा ‘पॉझिटिव्ह’ ठरलेल्यांपैकी काहींना उपदंश कधी झालाच नव्हता, हे सिद्ध करता आले. अशा खोट्या निष्कर्षाच्या व्यक्तींत स्त्रिया बऱ्याच होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येकींना पुढे ल्यूपससारखे स्वप्रतिकारी रोग झाले. १९५२ साली कॉन्ली व हार्टमन यांनी ल्यूपसच्या रुग्णांत रक्त गोठण्याच्या तपासणीला अडथळा करणारा घटक वर्णिला. १९५४ साली बोमाँ यांनी तशा घटकाचा वारंवार गर्भनाशाशी संबंध नोंदविला. हे धागे एकत्र विणले जाण्यास तीन दशके लागली. १९८३ नंतर ग्रॅहम ह्यूज यांच्या कार्यातून अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम ही व्याधी स्वतंत्रपणे ओळखली गेली.

दरम्यानच्या काळाचा विचार केला पाहिजे. ज्या विवाहितेचे गर्भ एकामागून एक गेले आणि जिच्या रक्ताचा निष्कर्ष ‘पॉझिटिव्ह’ आला, तिच्या कागदावर दोन्ही गोष्टी एकमेकींची साक्ष देत. गर्भनाश उपदंशाचा पुरावा ठरे आणि उपदंश गर्भनाशाचे कारण. तर्काचे वर्तुळ निर्दोष दिसे. फक्त त्यातील रोग खोटा असे. जे प्रतिपिंड तपासणीला फसवीत होते तेच गर्भालाही बाधक होते, हे खरे उत्तर सर्वांच्या डोळ्यांपुढे असून वाचले गेले नाही. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने ते वाचण्याची गरजच संपविली होती.

या व्याधीचे तात्त्विक महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. वारंवार गर्भपाताचे प्रतिकारशास्त्रीय कारण म्हणून ज्याला आज सर्वत्र मान्यता आहे ते हेच. पण यातील प्रतिपिंड पित्याकडून आलेल्या ‘परक्या’ अंशाविरुद्ध नसतात. ते मातेच्या स्वतःच्याच प्रथिनांवर रोखलेले असतात. मेडावरच्या रूपकाप्रमाणे गर्भ परका म्हणून येथे नाकारला जात नाही. सुरुवातीला वारेतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन गर्भ जातो असे मानले गेले. हे प्रतिपिंड वारेच्या पेशींच्या वाढीतही थेट बिघाड करतात, असे पुढे दिसून आले. कारण नेमके ठरल्यामुळे उपायाची परीक्षा शक्य झाली. १९९७ साली लंडन येथे झालेल्या चाचणीत नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ४५ स्त्रियांपैकी १९ जणींना जिवंत मूल झाले, तर अ‍ॅस्पिरिन व हेपारिन घेणाऱ्या ४५ पैकी ३२ जणींना. आणि निदानाच्या निकषांनी एक शहाणपण पाळले : तपासणी किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह आली पाहिजे, कारण साध्या संसर्गानंतरही असे प्रतिपिंड काही काळ दिसून नाहीसे होतात. वासरमानच्या कागदापासून मिळालेला धडा या एका अटीत साठविला आहे.

४

हा धडा सर्वत्र पोहोचला असे मात्र नाही. १९७१ साली आंद्रे नाहमियास यांनी नवजात अर्भकांतील संसर्गांचा एकत्र विचार करण्यासाठी काही जंतूंच्या आद्याक्षरांपासून ‘टॉर्च’ हा शब्द रूढ केला. अर्भकाच्या आजारासाठी घडविलेला हा शब्द कालांतराने गर्भ गमावलेल्या स्त्रियांच्या तपासणीचे नाव झाला. भारतातील रुग्णालयांत अशा स्त्रीच्या कागदावर ‘बी.ओ.एच.’ ही अक्षरे लिहिली जातात. त्यांचा अर्थ ‘वाईट प्रसूति-इतिहास’ असा होतो. आणि त्या अक्षरांमागोमाग कित्येकदा टॉर्चची तपासणी येते.

तिच्या उपयुक्ततेचा विचार साध्या तर्काने करता येतो. एखादा संसर्ग वारंवार गर्भनाशाचे कारण व्हावयाचा असेल तर तो जननमार्गात दीर्घकाळ टिकला पाहिजे आणि तरीही लक्षणांवाचून लपून राहिला पाहिजे. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस यांपैकी कोणताही या अटीत नीट बसत नाही. त्यांपैकी काहींचा प्रथम संसर्ग एखाद्या गर्भाला घातक ठरू शकतो. परंतु शरीरात प्रतिकारक्षमता निर्माण झाल्यावर तोच आघात गर्भामागून गर्भावर होत राहील, असे मानण्यास आधार नाही. म्हणूनच वारंवार गर्भपाताच्या चिकित्सेत ही तपासणी उपयोगाची नाही, असा मार्गदर्शक तत्त्वांचा अभिप्राय आहे. जुन्या संसर्गाची किंवा लशीची खूण असलेले प्रतिपिंड ‘पॉझिटिव्ह’ म्हणून छापले जातात आणि वाचणारी स्त्री त्यातून रोग वाचते. रुबेलाच्या बाबतीत तर अर्थ नेमका उलटा होतो : ते प्रतिपिंड असणे हे संरक्षण होय, आणि भारतात २०१७ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम चालविण्यात आली ती तेच प्रतिपिंड निर्माण करण्यासाठी.

याउलट ज्या संसर्गांनी मातृत्वाची वाट खरोखर रोखली जाते ते गाजावाजा न करता काम करतात. भारतात वंध्यत्वाच्या कारणांत जननेंद्रियांचा क्षय महत्त्वाचा आहे. जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे बीजवाहक नलिकांत पोहोचतात, तेथे व्रण भरताना नलिका बुजतात, गर्भाशयाचे अस्तर खराब होते. आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला येईपर्यंत कित्येक स्त्रियांना रोगाची जाणीवही नसते. क्लॅमिडियाचा संसर्गही असाच मुकाट्याने नलिकांची हानी करतो. येथे यंत्रणा स्पष्ट आहे : व्रण, चिकटणे, अडथळा. तरीही भाषेचा धोका येथेही टळत नाही. क्षयाच्या जंतूचा आनुवंशिक अंश ओळखणारी तपासणी मृत जंतूच्या अवशेषानेही पॉझिटिव्ह होऊ शकते. त्यामुळे केवळ त्या एका शब्दावर विसंबून सहा महिन्यांचे औषध सुरू करावे की काय, हा वाद उपस्थित झाला. खरा रोग ओळखण्यासाठी ऊतकाची परीक्षा, जंतूची वाढ आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. शब्द एकच असला तरी ‘अंश सापडला’ आणि ‘रोग आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

५

मेडावरच्या रूपकाचा प्रत्यक्ष उपचारात झालेला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे पतीच्या श्वेतपेशींचे इंजेक्शन. त्यामागील उपपत्ती मोठी आकर्षक होती. यशस्वी गर्भधारणेत माता पित्याच्या प्रतिजनांना ओळखते आणि त्यांना झाकून ठेवणारे ‘रोधक’ प्रतिपिंड बनविते. पतिपत्नींचे ऊतक-प्रतिजन फारच सारखे असतील तर ही ओळख पटत नाही, रोधक प्रतिपिंड बनत नाहीत आणि गर्भ उघडा पडतो. तेव्हा पतीच्या पेशी आधीच टोचून मातेला ती ओळख करून द्यावी. एका विरोधाभासाला दुसऱ्या विरोधाभासाने दिलेले हे उत्तर होते : परक्याचा स्वीकार व्हावा म्हणून परकेपणाची ओळख वाढविणे.

१९८५ साली मोब्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पतीच्या पेशी दिलेल्या २२ स्त्रियांपैकी १७ जणींची गर्भधारणा यशस्वी झाली. स्वतःच्याच पेशी दिलेल्या २७ पैकी केवळ १० जणींची. या फरकाने आशेला अंकांचा आधार दिला आणि उपचार देशोदेशी पसरला. भारतातही तो दिला गेला. नंतरच्या लहान चाचण्यांनी एकवाक्यता दाखविली नाही, पण तोवर उपपत्ती प्रयोगापेक्षा अधिक विश्वसनीय वाटू लागली होती.

या प्रकरणाचा निकाल ज्यांनी लावला त्या कॅरोल ओबर यांची भूमिका विशेष लक्षणीय आहे. अमेरिकेतील हटराइट या आपसांतच विवाह करणाऱ्या समुदायाचा दीर्घकाळ अभ्यास करून, पतिपत्नींतील ऊतक-प्रतिजनांच्या साम्याचा गर्भनाशाशी काही संबंध दिसतो, असे त्यांनी स्वतः १९९८ साली मांडले होते. म्हणजे उपपत्तीच्या मुळाशी असलेल्या निरीक्षणाशी त्यांचे वैर नव्हते. तरीही त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मोठ्या चाचणीचे १९९९ मधील निष्कर्ष उपचाराच्या विरुद्ध गेले. पतीच्या पेशी दिलेल्या ८६ स्त्रियांपैकी ३१ जणींना, म्हणजे शंभरात ३६ जणींना, यश आले. केवळ क्षारजल दिलेल्या ८५ पैकी ४१ जणींना, म्हणजे शंभरात ४८ जणींना. उपचार निरुपयोगी तर ठरलाच, पण अपायाची शंकाही उत्पन्न झाली. २००२ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने संशोधनाच्या परवानगीवाचून हा उपचार देण्यास मनाई केली. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वेही तो देऊ नये असेच सांगतात.

या कथेत मोब्रे यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांनी निदान तुलनेसाठी दुसरा गट ठेवला होता. दोष उपपत्तीच्या घाटात आहे. तिच्यात प्रत्येक पायरी ‘ओळख’, ‘झाकणे’, ‘स्वीकार’ अशा मानवी क्रियापदांनी पुढे सरकते. ही क्रियापदे इतकी परिचित आहेत की, त्यांच्या ठायी प्रत्यक्ष रेणू, पेशी आणि क्रम दाखवावयाचे राहून गेले आहेत, हे वाचकाला जाणवत नाही. दुसरीकडे, क्षारजल घेतलेल्या स्त्रियांचा आकडा कोणत्याही उपपत्तीवाचून एक मोठी गोष्ट सांगतो. त्यांच्यापैकी ज्यांना पुन्हा दिवस राहिले अशा दर तीन स्त्रियांतील सुमारे दोघींना कोणत्याही औषधाशिवाय मूल झाले. अकारण वाटणाऱ्या वारंवार गर्भपातानंतरही पुढील गर्भ टिकण्याची शक्यता न टिकण्यापेक्षा अधिक असते. ज्या उपचाराची तुलना झालेली नाही त्याच्या पदरात हे निसर्गाचे दान आयतेच पडते, आणि तो उपचार फलदायी वाटू लागतो.

६

रूपकाचा अलीकडचा अवतार ‘नॅचरल किलर’ पेशी हा होय. १९७५ च्या सुमारास रक्तातील काही श्वेतपेशी पूर्वतयारीवाचून अर्बुदाच्या पेशी मारतात असे आढळले आणि त्यांना हे नाव मिळाले. मराठीत तिचे ‘नैसर्गिक मारक पेशी’ असे भाषांतर होते. पुढे गर्भारपणाच्या आरंभी गर्भाशयाच्या अस्तरात त्याच कुळातील पेशी विपुल सापडल्या. तेथील श्वेतपेशींपैकी शंभरात सुमारे ७० त्याच असतात. जेथे गर्भ रुजतो नेमक्या त्याच ठिकाणी मारेकऱ्यांचा जमाव! नावावरून निष्कर्ष काढावयाचा तर गर्भपाताचे रहस्य उलगडलेच म्हणावयाचे.

वस्तुस्थिती निराळी निघाली. या पेशी रक्तातील नामबंधूंपेक्षा वेगळ्या आहेत. मारण्याचे काम त्या क्वचितच करतात. गर्भाशयातील नागमोडी धमन्या रुंद होऊन वारेला पुरेसे रक्त मिळावे, या घडामोडीत त्यांचा वाटा आहे. या पेशी नसलेल्या उंदरांत धमन्यांचा तो बदल नीट होत नाही, असे प्रयोगांत दिसले. केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, वारेच्या पेशींवरील विशिष्ट ऊतक-प्रतिजन आणि या पेशींवरील त्यांचे ग्राहक यांच्या काही जोड्यांत धमन्यांचा बदल अपुरा राहण्याचा संभव वाढतो. गर्भिणीचा रक्तदाब वाढविणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाशी त्याचा संबंध २००४ साली पुढे आला. येथे अडचण या पेशी अतिरेकी क्रियाशील झाल्याची नसून त्या पुरेशा जाग्या न झाल्याची आहे. तसेच वारेच्या पेशी स्वतः आक्रमक असतात. सिझेरियनच्या व्रणावर, जेथे अस्तर नीट नसते तेथे, वार रुजली तर ती गर्भाशयाच्या स्नायूत खोलवर घुसून मातेच्या जिवावर बेतते. म्हणजे मातेच्या अस्तराचे कार्य वारेला मर्यादा घालणे आणि पोषणाची वाट करून देणे, असे दुहेरी आहे.

असे असूनही हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातील मारक पेशींची मोजणी करून गर्भपाताची मीमांसा करण्याची प्रथा पडली. २००४ सालीच मॉफेट यांनी तिच्याविरुद्ध इशारा दिला : रक्तातील मोजणी गर्भाशयातील पेशींबद्दल काही सांगत नाही. तरी त्या आकड्यांच्या आधारे स्टिरॉइड, सोयाबीन तेल व अंड्यातील घटकांचे शिरेतून देण्याचे मिश्रण, इम्युनोग्लोब्युलिन असे उपचार सुचविले गेले. यांपैकी सर्वच कायमचे निकालात निघाले असे म्हणता येणार नाही. चार किंवा अधिक गर्भ गमावलेल्या स्त्रियांना गर्भारपणाच्या अगदी आरंभी मोठ्या मात्रेत इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास लाभ झाल्याचे २०२२ सालच्या जपानी चाचणीत आढळले. तो लाभ का झाला हे शोधणे हे शास्त्राचे काम आहे. पण ‘मारेकऱ्यांना शांत करणे’ हे त्याचे स्पष्टीकरण म्हणून पुरेसे नाही. ते केवळ नावाचे पुनर्वाचन आहे. आणि ज्या स्त्रीला तिच्याच शरीरातील मारक पेशी वाढल्याचे सांगितले जाते, तिला पुत्रघ्नी या शब्दाहून काही निराळे सांगितले जाते काय, हा प्रश्न तेवढाच विचारणीय आहे.

७

या साऱ्यातून रूपकेच त्याज्य होत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मेडावरच्या रूपकावाचून प्रश्नच निर्माण झाला नसता. अलीकडे ‘युद्ध’ या प्रतिमेच्या जागी माता व गर्भ यांचा ‘संवाद’ किंवा ‘वाटाघाट’ ही प्रतिमा येत आहे. तीही रूपकच आहे, आणि गोड असल्यामुळे तिच्याविषयी सावधगिरी अधिकच हवी. वाटाघाट फिसकटली म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न तिच्यातही दडलेला आहे. रूपकाने शोधाला आरंभ करून द्यावा. उपचाराची शिफारस करण्याचा अधिकार त्याला नाही.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने मात्र काही गोष्टी निश्चयाने सांगता येतात. ‘सवयीचा’ या शब्दाला मराठी वैद्यकीय लेखनात स्थान असू नये. ‘वारंवार होणारा’ हे साधे वर्णन पुरेसे व अचूक आहे. प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द भाषांतर करताना एका शब्दाने उरकू नये. ‘पूर्वी संसर्ग झाल्याची किंवा लस घेतल्याची खूण’, ‘जंतूचा अंश सापडला’, ‘रोगाची खात्री झाली’ ही तीन विधाने तीन निराळ्या वाक्यांत मांडावीत. गर्भाशयातील पेशींना ‘मारक’ म्हणण्यापेक्षा ‘एन.के. पेशी’ ही अक्षरे ठेवणे बरे. अर्थहीन अक्षर चुकीच्या अर्थापेक्षा कमी अपाय करते.

शेवटी एका वस्तुस्थितीचे स्मरण आवश्यक आहे. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गर्भाच्याच गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात. स्त्रीबीज व शुक्रजंतू यांच्या संयोगाच्या वेळीच बहुधा ठरून गेलेल्या त्या घटनेत मातेचे प्रतिपिंड, तिची मनःस्थिती, तिने उचललेले ओझे यांपैकी कशाचाही हात नसतो. वैद्यकाला हे कळण्यास गुणसूत्रांचे शास्त्र यावे लागले. परंतु ‘गर्भ पडला’ असे म्हणणाऱ्या मराठी बोलीने ‘पाडला’ हा शब्द त्या घटनेपासून पूर्वीच दूर ठेवला होता. या विषयावर मराठीतून लिहिणाऱ्याने परिभाषेचे कोश उघडण्यापूर्वी त्या क्रियापदाकडे पाहिले, तर त्याच्या लेखनातील स्त्री निदान आरोपी म्हणून उभी राहणार नाही.